रतन मागायला लागली

९ फेब्रुवारी १९७५
— सडा टाकला, शेण काढलं, चूल पेटवून भाकरी थापायला बसले. कालची सकाळ रोजच्यासारखीच. पहिली भाकरी उतरली की चतकोर तोडायचा, वर गुळाचा खडा, आणि रतनच्या हातात ठेवायचा. ती अंगणात वाटी गरागरा फिरवत बसलेली. माझ्याकडं बघतसुद्धा नाही. माझी नात, आठ वर्षांची, आजवर एक शब्द नाही.
मग तिला घेऊन वेल्ह्याला गेले. पुण्याच्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या होत्या. पोरगी बहिरी नाही म्हणाल्या, तिची तऱ्हा वेगळी आहे. तहान लागली की काय करते, असं विचारलं. मी म्हटलं, तहान लागायच्या आधीच मी पाणी देते.
बाई हसल्या. "आजी, मग तिनं मागायचं कशाला?"
रात्रभर तेच डोक्यात. आमच्या पासली गावात न बोलणाऱ्या लेकराला ताटकळत ठेवत नाहीत, पाप लागतं म्हणतात. अख्खी आळी येता-जाता तिच्या हातात काहीतरी ठेवते. सगळ्यांत जास्त मीच.
बाईंनी सांगितलंय — आवडतं ते दिसेल असं धरा. तिनं वाटी तुमच्या हातात दिली की लगेच द्या. तोवर थांबा.

१० फेब्रुवारी
थांबले. रतन किंचाळली, माझे केस ओढले. शेवटी मीच गूळ दिला. हरले.

१४ फेब्रुवारी
किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून मी वाचायला शिकले. एखादं अक्षर अडलं की यांना विचारायची. हे सांगायचे नाहीत. अक्षराखाली बोट ठेवून गप्प बसायचे, बिडी विझली तरी. मला राग यायचा. मग एकदम अक्षर लागायचं!
चार वर्षं झाली यांना जाऊन. आज चुलीपुढं गूळ धरून बसले होते, तेव्हा कळलं की हे थांबणं किती अवघड होतं.

२२ फेब्रुवारी
जावईबापूंचं, मानसिंगचं कार्ड आलं भोरहून. पुण्याला अशा मुलांच्या आश्रमात जागा मिळाली आहे, पाडव्याआधी रतनला न्यायला येतो. माझ्या लेकीला, सरूला दुसरं बाळ झालंय, तिच्यानं होत नाही. तुमचंही वय झालं.
खोटं काही लिहिलेलं नाही. पण तिथं पन्नास पोरं. एकट्या रतनसाठी कोण थांबणार?
शेजारची सगुणाबाई कुडावरून म्हणाली, "लेकराला गूळ दावून उपाशी मारताय व्हय? सावकारीन बरी तुमच्यापरीस!" तीच मागच्या दारानं गुपचूप गूळ देत होती. आज पकडली.

३ मार्च
दिली! वाटी माझ्या हातात दिली. आपणहून. मी घाईघाईनं गूळ दिला, अर्धा खाली सांडला. तिनं सांडलेला वेचून खाल्ला आणि पुन्हा वाटी पुढं केली.

९ मार्च
दिवसातून तीस-चाळीस वेळा वाटी. सगुणाबाईला दिली, पोस्टमनला दिली. आज गोठ्यात जाऊन म्हशीपुढं धरून उभी! दूध पाहिजे होतं. म्हशीनं वाटी चाटली. सगुणाबाई हसून हसून कुडाला टेकली. आता म्हणते, "म्या आदीच म्हनलं हुतं, पोरगी हुशार हाय."

६ एप्रिल
जावई आले. रतन त्यांच्याकडं पाठ करून बसली. त्यांनी गूळ धरला, वाटी पुढं सरकवली. ती ढिम्म. माझा जीव अर्धा झाला. ते बराच वेळ थांबले, बिचारे. मग म्हणाले, "मामी, तुमी लई केलंत. पन आता न्हेतो तिला." तिचे दोन झगे पिशवीत भरले. मी अडवलं नाही. बाप आहे.
रतन उठली. दारातल्या त्यांच्या चपला आणल्या आणि दोन्ही त्यांच्या हातात दिल्या. मग स्वतःच्या चपला उचलून आत नेल्या, कणगीच्या मागं टाकल्या आणि माझ्याजवळ येऊन बसली.
हे मी शिकवलं नव्हतं. कुणीच शिकवलं नव्हतं.
जावई उंबऱ्यावर बसले. हसत होते, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. "मला घालवती, मामी! जा म्हनती!" पिशवी त्यांनी स्वतःच रिकामी केली.
निघताना म्हणाले, आमच्या आळीतल्या चंद्राबाईची लेक अशीच आहे, सहा वर्षांची. दाराशीच विहीर, म्हणून दिवसभर पाय खुंट्याला बांधलेला असतो.

८ एप्रिल
काल पहाटे रतनला घेऊन वेल्ह्याला चालत गेले, तिथून एस.टी.नं भोर. चंद्राबाईला म्हटलं, विहिरीच्या बाजूला मी बसते. मग तिच्या लेकीच्या पायाची दोरी सोडली.