मेन कॉक बंद न करता

पोरी,

चाळीस वर्षं प्लंबिंग केलं, पण मेन कॉक बंद न करता व्हॉल्व्ह बदलणारा माईचा लाल पाहिला नव्हता. या डॉक्टरांनी छातीसुद्धा न उघडता, मांडीतून नळी घालून माझ्या चालत्या हृदयातला बदलला! मी तर महिनाभर अंथरूण धरायच्या तयारीत होतो.

आज तीन जिने उतरलो, चढलोही. दारात आल्यावर कळलं, दम खायला थांबायचं राहूनच गेलं.

खाली तुझी स्कूटर नव्हती. शेजारी म्हणाले, विकली. आणि मला सांगत होतीस, विमा कंपनीने सगळं दिलं! खोटारडी कुठली.

संध्याकाळी बस स्टॉपवर येतो. चालतच परत येऊ. चढावर दमलीस तर सांग, मी थांबेन.

— बाबा