चौथ्या भुयाराचं दार

डोंबिवली पूर्व,
१४ जून २०२५

प्रिय माया,

कशी आहेस? परवा फोनवर तू एवढं मोकळं बोललीस आणि मी नुसती "हो, हो" करत राहिले. दारावर कुणीतरी आलंय म्हणून फोन ठेवला. कुणी आलं नव्हतं. तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. दोनदा दूध उतू गेलं. दिशा विचारते, "आई, तुला झालंय काय?" लेकीला काय सांगू?

२६ तारखेची रजा टाकलीये. तू म्हणालीस तशी मोरपंखी साडी काढून ठेवलीये.

व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलेलं. चारदा पुसलं. कागदावर निदान खोडलेलं तरी दिसतं.

बाळकुमच्या आमच्या घराची माडी आठवते ना? रविवारची दुपार, तू, मी, विश्रामदादा आणि तो जपानी व्हिडिओ गेम. एक अक्षर वाचता यायचं नाही कुणाला. कंट्रोलर दादाकडे, नकाशे तुझ्याकडे, आणि मी "डावीकडे, अरे डावीकडे!" ओरडणारी. प्रत्येक भुयारात नवं कोडं. दगड ढकलून खाचेत बसवा, आरसे फिरवून उजेड दारावर पाडा. चौथ्यात तर पाणीच पाणी. तीन चाकं. एक फिरवलं की एक खोली बुडायची, दुसरी कोरडी व्हायची. महिनाभर अडकलेलो आपण. मी कॉलेजात तास चालू असताना वहीत त्या खोल्या काढत बसायचे. ते कोडं मला सोडवायचं होतं. बाकी सगळं तुम्हा दोघांनाच जमायचं ना!

त्या रविवारी मी वर्तकनगरला आत्याकडे गेलेले, लवकर परत आले. जिन्यातच तुमचं हसू ऐकू आलं. वर आले तर पडद्यावर चौथ्या भुयाराचं दार उघडलेलं. दादाचा हात तुझ्या हातावर होता. मला बघून तू म्हणालीस, "नीला, झालं गं! अगदी सोप्पं होतं."

माया, मला राग त्या हाताचा नाही आला. दाराचा आला. मला सोडून तुम्ही आत गेलात, याचा.

संध्याकाळी बाबा ओटीवर बसलेले. मी जाऊन म्हटलं, "बाबा, दादाचं आणि मायाचं काहीतरी चाललंय."

मीच. दुसरं कुणी नाही.

मला वाटलेलं, ओरडतील, टीव्ही खाली आणतील, रविवार बंद होतील. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच कोपरीला जातील, तुमच्या जिन्यात उभं राहून, सगळी बिल्डिंग ऐकत असताना तुझ्या पप्पांसमोर तुमची जात काढतील, असं मला वाटलं नव्हतं, हे लिहिणार होते. पण ते खरं नाही. आमचे बाबा कसे होते ते मला माहीत होतं.

पुढचं तू भोगलंस. शेवटचं वर्ष अर्ध्यात टाकून नांदेडला मावशीकडे, घाईत लावलेलं लग्न, मग ते मोडणं. इकडे दादाला वाटलं, मागच्या खोलीतल्या रघुने चुगली केली. आमचा भाडेकरू रघु, ज्याने तो कन्सोल आपल्याला दुरुस्त करून दिलेला. दादाने त्याला अंगणात मारलं. मी खिडकीत उभी होते. आठवड्याभरात तो खोली सोडून गेला. बाबांनी शेवटपर्यंत दादाला माझं नाव सांगितलं नाही. मीही नाही.

आणि आता एवढ्या वर्षांनी तुम्ही दोघं लग्नाची नोटीस देता, आणि साक्षीदार म्हणून तुला मी हवी असते.

काल दादाला सांगून टाकलं. तो निघायच्या बेतात होता. चप्पल घालून दारात उभा होता. मग म्हणाला, "मायाला तू सांग. मी तुझ्यासाठी एक शब्द बोलणार नाही."

म्हणून हे. नको म्हणालीस तर येणार नाही.

जिला तू इतकी वर्षं मैत्रीण समजलीस ती,
नीला


कल्याण,
१९ जून २०२५

नीला,

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

पप्पा त्या दिवसानंतर जिन्यात कुणाशी बोलले नाहीत. जाईपर्यंत मला विचारायचे, "आपण कुणाचं वाईट केलेलं गं?" हे तुला माहीत असायला हवं, म्हणून लिहिलं.

विश्राम नीट जेवत नाहीये. लग्न होणार आहे. सहीला माझ्या शाळेतल्या करिश्मा मॅडम येतील. तुझी सही नको.

तू माझ्याशी बोललीस. रघुभाऊंचं काय? ते कळव्याला असतात, मिक्सर-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. विश्राम रविवारी जाणार आहे. तू त्याच्याबरोबर जा, आणि दुकानात आधी तू बोल. तो माफी मागेल ती मारल्याची. बाकीची तुझी आहे.

आणि २६ला ये. उगाच बाहेर रेंगाळू नकोस, आत येऊन बस.

'तुझी' लिहायला अजून वेळ लागेल.
माया