स्टेजखालून पाहिलेलं कॉलेज

तीर्थरूप दाजींस,

मेहुण्याचा वाकून नमस्कार (वाकणं सध्या कागदावरच, कारण कंबर धरली आहे, का धरली ते पुढे येईलच). तुमचा खोकला कमी झाला असेल. औषध पोटात जातं की खिडकीतल्या कुंडीत, हे ताई कुंडीतल्या रोपाकडे बघून ओळखते, एवढं सांगून ठेवतो.

तर भिंगरीला घेऊन शहरातली तीन कॉलेजं पाहून आलो. निघताना तुम्ही मला तुमच्या घड्याळाच्या दुकानात बाजूला घेऊन बजावलं होतं, की तू सुतार आहेस, तुला स्वर्गाच्या दारातही फट दिसेल. तेव्हा प्रत्येक कॉलेजात अशी खोट काढ की पोरगी आपणहून संगीत नाटकाचा नाद सोडेल आणि निमूट औषधशास्त्राला जाईल. तुमचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही. (एकदा शिडी पडू दिली होती, पण तेव्हा तुम्ही तिच्यावरून उतरला होतात.) म्हणून हा अहवाल.

पहिलं कॉलेज सगळं काचेचं. माहिती देणाऱ्या बाई इतकं गोड बोलत होत्या की मला वाटलं, भिंगरीबरोबर मलाही भरती करून घेतात. नाचाच्या हॉलला चारी बाजूंनी आरसे. मी बूट काढून टाच आपटली, तर खाली नुसतं काँक्रीट आणि वर लाकडाचं सोंग घेतलेला पातळ पापुद्रा! असल्या जमिनीवर तीन वर्षं उड्या मारल्या तर पोरीचे गुडघे माझ्या कंबरेच्या पंगतीला येऊन बसतील. तसं सांगितल्यावर तिने वहीत ‘नाही’ लिहिलं आणि मी मिशीवर ताव दिला.

दुसऱ्या कॉलेजातली जमीन उत्तम. पण तिथे पोरं दोन वर्षं नुसती टिपणं काढतात आणि स्टेजवर पाय ठेवतात तिसऱ्या वर्षी. म्हणजे पोहायला शिकवायचं आणि पाणी तिसऱ्या वर्षी दाखवायचं. पुन्हा ‘नाही’. माझी तर चांदीच झाली होती.

तिसरं कॉलेज टायरच्या दुकानामागे, एका जुन्या गोदामात. पाटीवरची दोन अक्षरं उडालेली. म्हटलं, इथे तर खोट दारातच स्वागताला उभी आहे. आत गेलो, तर एक मुलगी शिडीवर दिवे बांधता बांधता गात होती, आणि खाली एकजण त्याच गाण्याच्या ठेक्यात करवत चालवत होता (धरलीही बरोबर होती, दाजी!). नाचाच्या बाई साठीच्या पुढच्या, पण पाऊल असं टाकत होत्या की मांजराने शिकवणी लावावी. इथे पहिल्या वर्षी गाणं, नाच, अभिनय यांच्या जोडीला सुतारकामही सक्तीचं आहे, हे ऐकून मला आतून पाझर फुटला. वरून अर्थात तोंड वाकडंच ठेवलं. स्टेज मात्र मधोमध कुरकुरत होतं. सापडली! भिंगरी प्रवेशाच्या चाचणीला नाव द्यायला गेली, तेवढ्यात मी कडेची झडप उचलून, टॉर्च घेऊन खाली सरपटलो. इतक्यात घंटा झाली आणि कुणीतरी झडप लावून तिच्यावर पियानो सरकवला.

वर चाचणी सुरू झाली. मी खाली उताणा, नाकावर धूळ. दाजी, माणूस तोंडाने थापा मारतो, पण फळीवर पडणारा पाय खरं तेच सांगतो. कोण घाबरलंय, कोण उगाच जोर करतंय, सगळं कळत होतं. पाच पोरं झाली. सहावी आली आणि फळ्यांची कुरकुर थांबली. पाऊल पडत होतं, पण लाकडाला न दुखवता. मग गाणं सुरू झालं. ती आपली भिंगरी आहे हे ओळखायला मला दुसरी ओळ लागली. घरी ती बाथरूममध्ये नळ सोडून गाते, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. एवढा आवाज त्या पोरीत आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मधेच ती शब्द विसरली. मग एक टाच वाजायला लागली, टक्, टक्, एकसारखी, घाई नाही, उशीर नाही. एखाद्या घड्याळापाशी तुम्ही अडलात की स्टुलाखाली तुमची टाच अशीच वाजते, माहीत आहे तुम्हाला? त्या ठेक्यावर तिने शब्द परत आणले आणि गाणं पुरं केलं. मला रडू आलं (धूळही होती), आणि भान न राहून मी खालून टाळ्या वाजवल्या.

परीक्षकांची जी गाळण उडाली! पियानो हलवून मला बाहेर ओढलं (कंबर धरली ती तिथेच). नाचाच्या बाईंनी विचारलं, “आपण कोण?” डोक्यावर कोळ्याची जाळी, थाप काही सुचेना. म्हटलं, “खोट काढायला आलोय.” “मग, सापडली?” म्हटलं, “मधल्या तुळईची पाचर निसटलीय.” बाई बाकीच्यांकडे वळून कडाडल्या, “वीस वर्षं सांगतेय मी!” आणि माझ्या हातात हातोडी दिली. पाचर ठोकून होईपर्यंत चाचणी थांबली होती. आता ते स्टेज कुरकुरत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी मोठ्या कष्टाने काढलेली एकुलती एक खोट शिल्लक राहिलेली नाही. क्षमा असावी.

भिंगरीची निवड झाली. या वेळी तिने वहीत काहीच लिहिलं नाही. वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “मामा, बाबांना तूच सांग.”

आज्ञा मोडून बसलेला,
तुमचा मेहुणा

ता. क. सोबत प्रवेशाचा कागद आहे. ‘पालकाची सही’ लिहिलंय तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. शुक्रवारच्या आत सही हवी. आणि तिचं नाव भिंगरी तुम्हीच ठेवलंत, तीन वर्षांची असताना दुकानात गिरक्या घेऊन तिने तुमचे सगळे बारीक स्क्रू सांडले तेव्हा. मग आता ती फिरते म्हणून रागवायचं कसं?

ता. क. दुसरा. रागाच्या भरात कागद फाडलात तरी बिघडत नाही, ती नक्कल आहे. खरा कागद ताईने सही करून मंगळवारीच दिला, आणि कॉलेजला एक सही पुरते. शुक्रवारची मुदतही माझीच. त्या दिवशी ती निघते. तुमची सही कॉलेजला नको आहे, दाजी. पोरीला हवी आहे.