दादाला दिसलेले तारे

१४ डिसें., रवि.

आज जमलं एकदाचं. गच्चीवर, टाकीच्या कठड्यावर फोन टेकवून, खाली महेशची चप्पल सारून. शटर दहा सेकंद, आयएसओ कमी. मागच्या रविवारी जास्त ठेवला तर बोरिवलीचं अख्खं आकाश चहासारखं आलं होतं. आज नॅशनल पार्कच्या बाजूला वळवला, तिकडे दिवे कमी. टायमर लावून श्वाससुद्धा रोखून धरला. आणि मृग आला! चार कोपरे, मधे तीन तारे एकाखाली एक. मुंबईत!

महेश वर आला. फोटो न बघताच म्हणाला, "आज तर नुसत्या डोळ्यांनी पण झकास दिसतोय. ते तीन बघ ना, उभे."

मी वर बघितलं. खाली गुरू तेवढा, ठळक. बाकी नुसतं राखाडी.

"हो, मस्त," म्हटलं.

नवऱ्याशी खोटं बोलायचं तर काहीतरी मोठं तरी असावं. ताऱ्यांवरून कशाला बोलले?

१७ डिसें., बुध.

आज एकटी गेले. डोळे सरावतात म्हणतात, म्हणून टाकीमागे अंधारात बसून राहिले. नाही सरावले. फोनमध्ये मात्र कृत्तिकांचा पुंजका पण आलाय. फोटोत बघायचं, मान वर करायची, काही नाही. परत फोटो.

बी विंगच्या काकू कपडे काढायला आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांचं. सहज विचारल्यासारखं विचारलं, तीन तारे दिसतात का हो तिकडे? "ते काय," म्हणाल्या आणि चिमटे गोळा करायला लागल्या.

मी आपली समजत होते, मुंबईत तारे कुणालाच दिसत नाहीत.

२० डिसें., शनि.

गच्चीवरून येताना पाइपला अडखळले. नडगी सोलवटली. महेश नेहमीसारखाच चिडवत, "एवढा मोठा पाइप, दिसत नाही का गं तुला?"

"नाही दिसत," म्हटलं.

मग सगळंच बाहेर आलं. थिएटरमध्ये काळोख झाला की त्याचा दंड धरते तो का. ऑफिसमधून सुटल्यावर मरोळहून स्कूटी कायम बसच्या मागे, लाल दिव्यांवर नजर ठेवून का आणते. तो नडगीला हळद लावत होता. हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

२६ डिसें., शुक्र.

डोळ्यांचे डॉ. एका यंत्रात हनुवटी टेकवायची, आत बारीक ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. मी वाट बघत बसले. तपासणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, झोपलात का?"

रेटिनायटिस असं काहीतरी लांब नाव. मधली नजर चांगली आहे, कडा गेल्यात, आणि काळोखातलं जवळजवळ सगळंच. औषध नाही. हळूहळू वाढतं. डॉ. शांतपणे सांगत होते, मी त्यांच्या टेबलावरचा पेनस्टँड बघत होते.

"संध्याकाळी गाडी चालवता?"

"स्कूटी."

"आजपासून बंद. घरात अजून कुणाला?"

बाबांना होतं. काळोख पडला की घराबाहेर पडायचे नाहीत. आम्ही भावंडं खिदळायचो.

"भावंडं?"

"एक भाऊ. मोठा."

"काय करतात?"

"टॅक्सी चालवतो. एअरपोर्टची भाडी. रात्रीची."

डॉ.नी लिहिता लिहिता हात थांबवला. "त्यांना आणा. लवकर."

२८ डिसें., रवि.

मालाडला गेले. दादा आत झोपलेला, रात्रभर गाडी मारून. वहिनी बाजारात. आईला सगळं सांगितलं. ती शेंगदाणे सोलत होती, सोलतच राहिली.

"तुझ्या बापाशीक रातचा दिसा नाय, ता सगळ्यांका ठावक होता. गिरणीत हातापाया पडान कायम दिवसपाळी मागून घेतल्यानी."

"आणि दादाला?"

तिने टरफलं बाजूला सारली.

"आई, दादाला दिसतं का?"

"तू तेका काय विचारू नको. तेचा घर त्या गाडयेर चलता."

म्हणजे हिला माहिती आहे. निदान संशय तरी आहे. आतून दादाचं घोरणं ऐकू येत होतं. उठवलं नाही.

४ जाने., रवि.

आज मुद्दाम मालाडहून दादाच्या गाडीने घरी आलो. म्हटलं, सोड ना रे, काळोख पडायला आलाय. महेशला पुढे बसवलं. गाडीच्या डाव्या आरशाला चिकटपट्टी. "रिक्षावाल्याने उडवला," दादा म्हणाला. मी काही विचारलंसुद्धा नव्हतं.

दादा छान चालवत होता. गप्पा चालू. फक्त समोरच्या बसचं ढुंगण सोडत नव्हता. ही ट्रिक माझी आहे.

कांदिवलीच्या पुढे बस वळून गेली. रस्त्यात दिवे नव्हते. महेश ओरडला, "दादा, हातगाडी!" करकचून ब्रेक. हातगाडीवाला पार डाव्या दिव्याजवळ, गाडीवर हात आपटत शिव्या घालत होता.

"काळे कपडे घालून मरायला येतात साले," दादा म्हणाला.

हातगाडीवाल्याचा शर्ट पांढरा होता. महेशने घरी आल्यावर सांगितलं. मला कुठला दिसतोय.

७ जाने., बुध.

महेश म्हणतो सरळ विचार. सरळ विचारलं तर दादा हसून उडवेल, मी ओळखते त्याला. काहीतरी असं हवं की जे त्याला उडवता येणार नाही. रविवारी चंद्र उशिरा उगवतोय. मढच्या किनाऱ्यावर जाऊ म्हणते, फोटो काढायला. शूटिंगवाल्यांची भाडी मारून त्याला तिथली गल्लीन् गल्ली पाठ आहे. हो म्हणाला. "माझी बहीण फोटोग्राफर झाली काय!" खूश होता.

मी त्याला फसवायला नेतेय.

११ जाने., रवि.

मढ. उजेड असतानाच पोचलो, मीच घाई केली होती. दादाने बोंबील घेतले, आईला आवडतात म्हणून. काळोख झाल्यावर किनाऱ्यावर, होड्यांपासून लांब ट्रायपॉड उभा केला. पहिला फोटो हलला. दुसरा असा आला की महेशच्या तोंडातून शिटी निघाली. मृग, रोहिणी, व्याध, सगळं.

मग फोन स्टँडवरून काढला आणि दादापुढे आडवा धरला. फोटो उभा घेतला होता. तो उभा असलेला मृग आता कुशीवर पडला. फोन फिरवला की फोटो पण फिरतो, ते मी आधीच बंद करून ठेवलं होतं.

"दादा, हे तीन बघ. वर दिसतात का रे?"

त्याने स्क्रीनकडे बघितलं. मग वर. मग परत स्क्रीनकडे, पटकन.

"दिसतात की."

"दाखव."

त्याने हात वर केला, बोटाने आडवी रेघ ओढली. "ते काय, डावीकडून उजवीकडे."

मला स्वतःला वर काहीच दिसत नव्हतं. आम्ही दोघं भावंडं तिथे माना वर करून उभी आणि बघणारा एकटा महेश. मी त्याच्याकडे वळले. त्याला बोलायचं नव्हतं, कळत होतं.

"आडवे नाहीत दादा," तो म्हणाला. "उभे आहेत. आणि तिकडे नाहीत, मागे आहेत."

दादाचा हात तसाच वर राहिला थोडा वेळ.

मला वाटलं चिडेल. पण हळू आवाजात म्हणाला, "तुला कधी कळलं, तुझं?"

"महिना होत आला. तुला?"

"धाकट्याच्या जन्माच्या आधीपासून."

दादाचा धाकटा सातवीत आहे.

मग मी सुटलेच. लोक बसतात रे तुझ्या गाडीत. बायका, पोरं, झोपलेली माणसं. तो म्हणाला, रस्ता पाठ आहे मला, एअरपोर्ट ते दहिसर, खड्डे सांगू? मी म्हटलं, हातगाडी पाठ असते का? तेव्हा ओरडला. "बाबांनी दिवसपाळी मागितली, त्यांना मिळाली! मी कुणाकडे मागू? डॉक्टरने कागदावर लिहिलं की लायसन्स गेलं. दिवसाचं पण गेलं. मग काय, फोटो काढू तुझ्यासारखे?"

होडीवरचा एक माणूस उठून बघायला लागला.

परत येताना गाडी महेशने घेतली. दादाने चावी दिली. आम्ही दोघं मागे. तो डोळे मिटून बसला होता आणि प्रत्येक ठिकाणी आधीच सांगत होता. आता स्पीडब्रेकर. आता डावीकडे खड्डा, मोठा. आता वळण. एकदाही चुकला नाही. मला तेवढ्याने जास्तच भीती वाटली.

बोंबील गाडीतच राहिले.

१३ जाने., मंगळ.

दादाला फोन. कट. परत फोन. कट. मग मेसेज: भाडं आहे, नंतर बोलतो.

म्हणजे गाडी काढलीय. आजही.

महेश झोपलाय. मी फोन उशाशी घेऊन. बाहेर हॉर्न वाजला की उठून बसते.

१४ जाने., बुध.

संक्रांत. तिळगूळ घेऊन मालाडला, रिक्षाने. दादा नव्हता. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आत निघून गेली.

वहिनीला सांगितलं. ओट्याशी उभी राहून, पोळ्या होत असताना. तवा जळायला लागला तरी ती हलली नाही.

"समोरून लाइट आला की थांबायचे," म्हणाली. "मी म्हणायची, एवढं काय घाबरता? चेष्टा करायची मी त्यांची." मग एकदम, "तुम्ही मला का सांगितलं, ताई? आता मी काय करू? रोज संध्याकाळी मीच डबा देते ना त्यांच्या हातात."

डॉ.चा पत्ता लिहून दिला. शनिवारी आठपर्यंत असतात.

निघताना आई दारात आली. तिळगूळ हातात ठेवला.

१६ जाने., शुक्र.

वहिनीचा फोन. काल दोघांत कडाक्याचं भांडण. दादा गाडीत जाऊन झोपला, पण गाडी काढली नाही. काल नाही, आज नाही. "उद्याचं माहीत नाही," म्हणाली.

ऑफिसमध्ये एकाच बिलाची दोनदा एंट्री केली.

१७ जाने., शनि.

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येतंय.

सूर्य मावळून गेल्यावर दादाचा फोन. "खाली ये. गेटच्या आत आहे."

लिफ्टने खाली. गाडी आत, जिन्यासमोर, इंजिन चालू. दादा बाहेर उभा. दाढी वाढलेली. "तुझा डॉक्टर आठपर्यंत आहे ना? चल."

एवढं बरं वाटलं की रडायलाच आलं. म्हटलं, थांब, रिक्षा बोलावते.

"रिक्षा कशाला? गाडी आहे."

"दादा, काळोख पडतोय."

"अजून उजेड आहे. मी माझ्या गाडीने जाणार, मी चालवत जाणार. यायचं तर बस, नाहीतर राहिलं."

"महेश येतोय, तो चालवेल."

"महेश नाही. मी."

त्याने माझ्यासाठी दार उघडायला गाडीला वळसा घातला. बॉनेटवर हात ठेवून, चाचपत. एवढ्याशा आवारात. ते बघितलं आणि काय झालं मला माहीत नाही. मी ड्रायव्हरच्या दारातून हात घातला, इंजिन बंद केलं आणि चावी काढून घेतली.

"दे."

"नाही."

"नीता, दे. माझं पोट आहे ते."

"नाही देणार."

लहानपणी त्याने मला कधी मारलं नाही. आज वाटलं मारेल. मी लिफ्टमध्ये शिरले. दार बंद होईपर्यंत तो बघत होता. माझ्याकडे की मी जिथे असेन असं त्याला वाटत होतं तिथे, कळलं नाही.

आता वर आहे. चावी मुठीत, तिला देवाचा दोरा बांधलाय, वहिनीने बांधला असणार. महेशला फोन केला, तो सिग्नलला अडकलाय. डॉ.कडे फोन केला, म्हणाले थांबतो थोडा वेळ. खिडकीतून वाकून बघितलं. गाडीतला दिवा लागलाय, एवढाच मला दिसतो. आत तो आहे की नाही ते नाही दिसत.

लिफ्टचा आवाज नाही. जिन्यात कुणीतरी आहे, सावकाश, एकेक पायरी. तिसऱ्या मजल्यावरचा दिवा कधीचा गेलाय.

बेल वाजली. महेश बेल वाजवत नाही, त्याच्याकडे लॅच-की असते.

परत वाजली.

उठते.