सुटत नाही

बाब्या,

जेवण झाकून ठेवलंय. कपाटाचं कुलूप तोडू नकोस, आत काही नाही.

मी त्या दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला गेलेय. मागच्या वेळी तुझ्यासाठी चौकशीला गेले, तर त्यांना वाटलं, पिणारी मीच! बोलायची पाळी आली तेव्हा ‘मी नाही हो, माझा मुलगा’ म्हणायला जीभ रेटेना. ‘खूप प्रयत्न केले, पण सुटत नाही,’ एवढंच म्हणाले आणि रडले. बाजूच्या खुर्चीतली बाई म्हणाली, ‘आजचा दिवस तेवढा सोडून बघा.’

म्हणून आज तुझ्या साहेबांना ‘त्याला ताप आलाय’ असा फोन केलेला नाही. माझा फोन शेजारच्या काकूंकडे ठेवायला दिलाय. हाताशी असला तर मला राहवायचं नाही.

आई