तांदळाच्या पोत्यावरची पेटी

नेरूळ, ५ जानेवारी २०२६

ती. वामनकाकांस, पुतण्या कुंदनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. आमच्या बँजो पार्टीसाठी रिव्हर्बची नवी पेटी घेतली. तुमच्या जुन्या पेटीचंच मॉडेल, कंपनीने पुन्हा काढलंय. आत तशाच स्प्रिंगा, गिटारला तोच विहिरीतला घुमारा. तरी जुनी ती जुनीच, असं पोरं छातीठोक सांगतात. दोन्ही शेजारी ठेवून वाजवून बघायचंय. माझा मेव्हणा धनेश रविवारी उलव्याला येतोय, त्याच्याकडे तुमची पेटी द्याल?

आणि काका, जागृतीचा फोन आला होता. बापाची गिटार नसेल तर माझी हळद कसली, म्हणून रडत होती. मलाही फार वाईट वाटलं.

पेटीवर आहे त्याच्या निम्मा तरी लोभ माझ्यावर असू द्या.

तुमचा कुंदन

उलवे, १२ जानेवारी

चि. कुंदनला काकाचे अनेक आशीर्वाद.

काल धनेशबरोबर पेटी धाडली. तुझी काकू हसते, लेकीची पाठवनी असल्यासारखा मी गाडीपर्यंत गेलो म्हने. हसू दे. पेटी तांदळाच्या पोत्यावरच ठेव, आमची रीतच हाय ती.

हळदीचं नको काढू. डोक्यावरून विमान जातं तेवा काकू कानांवर हात ठेवते, तिच्याकडे बघून मला कळतं. असला मानूस सुरात काय वाजवनार? भर मांडवात लेकीची लाज काढायची नाय मला. मी टाळ्या वाजवीन, त्या कोन सुरात मागत नाय.

पेटी सांभाळ, सूनबाईलापन आशीर्वाद सांग.

वामनकाका

नेरूळ, २६ जानेवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुमची पेटी जिंकली, असं मी गावभर सांगत सुटलो होतो. करावे गावातल्या एका हळदीत दोन्ही लावल्या. पाहुणे नाचायला लागले आणि नवीतून धडाड धडाड! तुमची मात्र गप्प. मी तिथूनच दुकानदाराला फोन करून वाट्टेल ते बोललो. मग तुमच्या सूनबाईने, सुचिताने विचारलं, की काकांची पेटी पोत्यावर आणि आपली स्टेजच्या फळीवर का? अरे देवा! फळी नाचली की स्प्रिंगा नाचणारच. अदलाबदल केली, तर तुमची गडगडली आणि नवी गप्प. दुकानदाराची माफी मागितली, पण तो अजून फुगलाय.

फरक आहे, नाही असं नाही. तुमच्या पेटीचा घुमारा ओलसर, नवीचा लख्ख. दोन्ही एकदम वाजल्या पाहिजेत.

आणखी एक. कानात कापूस कोंबून मी स्पीकरला पाठ टेकून बसलो. काका, घुमाऱ्याची विरत जाणारी शेपटीसुद्धा पाठीला कळते! सूर तर तुमच्या बोटांना पाठच आहेत. एकदा करून बघा ना, माझ्यासाठी.

रागावलात तरी चालेल, पण लोभ सोडू नका.

कुंदन

उलवे, २ फेब्रुवारी

चि. कुंदनला आशीर्वाद.

लय शाना झालास. माळ्यावरचा स्पीकर काढला, पाठ टेकली. जागृती समोर बसली होती, सूर चुकला की हात वर करायचा म्हनून. तिने हात वर केलाच नाय, नुसती डोळे पुसत होती.

एका पोत्यावर दोन पेट्या मावायच्या नाय. हळदीला येताना एपीएमसीतून तांदळाची दोन पोती घेऊन ये.

काका