रोख सुट्टी

शारजा, २० जुलै १९९८

प्रिय शर्वाणी,

बाहेर भट्टी पेटलीय, पण बँकेत एसी इतका की मी स्वेटर घालून बसतो. अण्णांचा गुडघा कसा आहे?

सध्या काउंटरवर शेअरवाल्यांची गर्दी आहे. बँकेला भांडवल वाढवायचंय, म्हणून यंदा डिव्हिडंड रोख न घेता त्याचे नवे शेअर घ्या, असं आम्ही समजावतो. काल एक म्हातारे शेख चिडले, "हबीबी, नफा हुआ तो पैसा किधर है?"

मी तुझंच उदाहरण दिलं. "हमारी घरवाली सारा दही नहीं परोसती. थोडा रखती है, तभी कल पूरा मटका जमता है." शेख हसले आणि सही करून गेले.

साहेब खूश! म्हणाले, "तुझी सुट्टीही यंदा परत पुढे टाक, पुढच्या वर्षी एकदम तीन महिने जा." मागच्या वर्षी मी मान डोलावली होती. पण परवा फोनवर आपली चिंगी मला 'बाबा' सोडून 'काका' म्हणाली ना, म्हणून म्हटलं, "साहेब, ही सुट्टी मला रोखच हवी."

मिळाली! चतुर्थीच्या आधी पोचतो. दही लावून ठेव, आणि या वेळी सगळंच वाढ.

तुझाच,
विघ्नेश